पुंजारामच्या हातचं पाणी

मित्रांनो, सोयगावला सांडूभाऊंच्या घरी कधी आलात, तर कापसाच्या खोलीत जरा डोकावून बघा. दाराआडच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेला जो बोजड ऐवज दिसेल, तो मी. मी गाड्या धुण्याचा एक जुना प्रेशर पंप आहे. आहे म्हणायचं ते सवयीनं. खरं तर होतो म्हणायला हवं. ज्याचा दिवस पाण्यावाचून उजाडत नव्हता, तो आता या कोरड्या ठणठणीत खोलीत बसून आहे. कापसाला ओल चालत नाही आणि माझ्यात थेंबभरही ओल उरलेली नाही, त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमतं. घरातली बारकी पोरं लपाछपी खेळताना माझ्या पाठीवर चढून बसतात. उंदरांनी माझ्या पट्ट्याची चव घेऊन पाहिली आणि नाक मुरडून तो सोडून दिला. मी काही बोलत नाही. बोलायचं होतं तेव्हा बोलता आलं नाही, आता बोलून काय उपयोग. पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगतो.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात लोखंड, डोक्यात पितळ आणि अंगावर असा लालभडक रंग की कुणाचीही नजर लागावी. मोटार फिरली की पट्टा फिरायचा, पट्टा फिरला की माझ्या डोक्यातले तीन दांडे मागेपुढे पळायचे आणि टाकीतलं साधं पाणी पाइपच्या टोकाला लावलेल्या गनच्या तोंडातून असं सुटायचं की वाळलेला चिखल बघता बघता ढासळून पडावा. एवढंच माझं काम. पण एवढं काम चोख करणारे जगात थोडेच असतात, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

तिथून ट्रकमधून मी आलो तो थेट शहरातल्या शहागंजात, एका दुकानाच्या पायरीवर. बरेच दिवस धूळ खात बसलो होतो. लोक हात लावून बघत आणि पुढे जात. एके दिवशी एक उंच, हडकुळा माणूस आणि त्याची बायको माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माणसाचं नाव पुंजाराम. वाळूजच्या एका कंपनीत तो ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. ठेका संपला तसं त्याचं कामही संपलं होतं. बाजारात कलिंगड वाजवून बघतात तसं त्यानं मला बोटांनी वाजवून पाहिलं. त्याची बायको आशाबाई पदर खोचून जरा लांबूनच बघत होती.

"लई जड दिसतंय हे," ती म्हणाली. "झेपंल का तुम्हाला?"

"मला काहून झेपाया पाहिजे?" पुंजाराम म्हणाला. "ह्याला आपण झेपलो पाहिजे. तीन माणसं हायेत आपण."

ती तीन माणसं मला झेपली. बरीच वर्षं झेपली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

बजाजनगरात, कामगारांच्या वसाहतीला लागून, पुंजारामनं रस्त्याकडेची एक जागा भाड्यानं घेतली. वर पत्रे, एका बाजूला बोअरच्या पाण्याची टाकी आणि मध्ये गाडी चढवायचा सिमेंटचा उतार. दारावर पाटी लागली, 'मोनिका वॉशिंग सेंटर'. मोनिका ही त्यांची एकुलती एक लेक. ती तेव्हा एवढीशी होती. पाटी लागल्यावर कितीतरी दिवस ती शाळेतून आली की पाटीखाली जाऊन उभी राहायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं की मोनिका ती हीच.

मग काय विचारता, मित्रांनो. पाळी संपवून येणाऱ्या कामगारांच्या मोटारसायकली, शाळेच्या रिक्षा, वाळूचे ट्रॅक्टर, लग्नाच्या गाड्या, सगळ्यांचा मळ मी उतरवला. एक दूधवाला होता, त्याची गाडी धुऊन झाली की ती आपलीच आहे हे त्याला पटायचं नाही. नंबर नीट वाचून मगच तो किक मारायचा. एक काका घडीचा पांढरा रुमाल घेऊन यायचे. गाडी धुतली की तो रुमाल सीटखाली फिरवायचे आणि काळा झालेला पुंजारामच्या नाकासमोर धरायचे. पुंजाराम हसून पुन्हा गन उचलायचा. मला मात्र एक फवारा काकांच्या रुमालावर सोडावासा वाटायचा. पावसाळ्यात तर दम खायला उसंत नसे. पुंजारामची पँट गुडघ्यापर्यंत ओली असायची आणि हाताची बोटं सुरकुतून पांढरी पडायची. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. आशाबाई माझ्या डोक्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढायची, झेंडूची माळ घालायची आणि मोनिका नारळाचा पहिला तुकडा माझ्यापुढे ठेवायची. तो तुकडा नंतर तीच खायची.

आता हिवाळ्याचं सांगतो, कारण माझी सगळी गोष्ट त्यातच अडकली आहे.

थंडी पडली की गाड्या धुवायला कोण येतं? चिखल नसतो, आणि सकाळी अंगावर तुषार उडाला तरी माणूस शहारतो. शिवाय त्याच दिवसांत सोयगावकडे कापसाचा हंगाम सुरू होतो. पुंजारामचा धाकटा भाऊ सांडू तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, होता. तो दर साली दादाला बोलावून घ्यायचा आणि पुंजाराम दिवाळी उरकली की जिनिंगवर कामाला जायचा. मायलेकी बजाजनगरातच राहायच्या. सेंटरला कुलूप लागायचं ते शिमग्यापर्यंत. धुळवडीला रंग खेळून झाला की दुसऱ्या दिवशी रंगानं माखलेल्या गाड्यांची दारात रांग लागते. त्या दिवशी आमचं साल पुन्हा सुरू व्हायचं.

कुलूप लावायच्या आधी पुंजाराम मला निजवायचा. हा त्याचाच शब्द. त्याची एक ठरलेली रीत होती आणि ती त्यानं एकदाही मोडली नाही. आमच्या बोअरचं पाणी खारं. माठाच्या बुडाला पांढरी खपली धरते ना, तसं ते जिथं थांबेल तिथं खपली धरायचं. म्हणून पुंजाराम प्यायच्या पाण्याचा एक जार विकत आणायचा आणि मला ते गोडं पाणी पाजून आतलं खारं पाणी धुऊन काढायचा. बघणारे हसायचे. माणसांना मिळंना अन् हा मशीनला जारचं पाणी पाजतो, म्हणायचे. मग तो माझ्या पोटाखालचा बोल्ट उघडायचा आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत उकिडवा बसून राहायचा. मोनिका पाइपचं एक टोक डोक्यावर उंच धरायची, तो दुसऱ्या टोकाकडे पाणी उतरवत न्यायचा, आणि पाइप मोठ्या वेढ्यांनी गुंडाळून खुंटीला टांगायचा. मग माझ्या तोंडात तेलाची धार सोडायची, चाक हातानं फिरवून ते आतपर्यंत पोचवायचं, पट्टा सैल करायचा, अंग फडक्यानं कोरडं करायचं. सगळ्यात शेवटी गनचा घोडा दाबायचा, म्हणजे आत कोंडलेला जोर निघून जातो. तेव्हा खट् असा आवाज व्हायचा. आशाबाई चहा घेऊन दारात उभी असायची. माझ्यावर पोतं टाकताना पुंजाराम दर साली एकच वाक्य बोलायचा.

"नीज आता, गड्या. शिमग्याला उठवतो."

आणि उठवायचा. कसलीही कुरकुर न करता मी पहिल्या झटक्यात उठायचो. एवढ्या वर्षांत मला आजारपण ठाऊक नव्हतं, ते या निजवण्यामुळे.

गेल्या दिवाळीत मात्र तसं झालं नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी गाड्यांची झुंबड उडाली होती. जो तो बहिणीकडे निघालेला आणि प्रत्येकाला गाडी चकचकीत हवी. अंधार पडेपर्यंत पुंजारामनं गन खाली ठेवली नाही. शेवटची गाडी गेली तेव्हा तो उतारावर बसला, छाती चोळली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आज नाय व्हत, गड्या. तुझं पाणी उद्या काढतो." त्यानं गन खुंटीला अडकवली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही कुणी आलं नाही. मला कळलं ते बाहेर टपरीवर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून. भाऊबीजेच्या सकाळी आंघोळ करून नवा सदरा घालताना त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मित्रांनो, आम्हाला आसवं नसतात, त्यामुळे रडण्याचा प्रश्न नसतो. पण त्या दिवसांत माझ्या पोटातलं पाणी फार गार पडलं होतं.

तेरावं झाल्यावर कुलूप उघडलं. सांडूभाऊ, मोनिका आणि आशाबाई आत आले. आशाबाईचं कपाळ मोकळं होतं. ती उतारापाशीच थबकली आणि खुंटीवरच्या गनकडे बघत राहिली. मोनिका आता बारावीला होती. बापाची रीत तिला पाठ होती. ती सरळ माझ्यापाशी आली, खाली बसली आणि बोल्टाला पाना लावला.

"पाणी काढून घेते," ती म्हणाली. "पप्पा दर साली काढायचे."

"राहू दे," आशाबाई म्हणाली.

"मम्मी, असं पाणी ठेवायचं नसतं ह्याच्यात."

"राहू दे म्हणते ना मी." आशाबाई पुढं आली आणि तिनं मोनिकाचा हात धरला. "त्यांच्या हातचं हाय ते. त्यांनी भरलेलं. कपडे दिले वाटून, खाट दिली, चप्पल सुदिक दिली. घरात त्यांच्या हातचं काय राह्यलंय, सांग बरं? एवढं राहू दे माझ्यापाशी."

मोनिकानं काकाकडे बघितलं. सांडूभाऊंचाही जीव ताज्या दुःखानं पिळवटलेला. वहिनीला नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

"पाण्यानं काय व्हतं, पोरी?" ते म्हणाले. "पाण्याचंच तर मशीन हाय. पाणी का नवीन हाय त्याला?"

हीच चूक, मित्रांनो. ती वाईट मनानं झाली नाही. ज्यांनी मला कधी चालवलं नव्हतं, त्या दोन माणसांच्या मायेतून ती झाली. वाहतं पाणी माझं अन्न आहे आणि थांबलेलं पाणी माझं विष, हे पुंजारामला कळत होतं आणि त्याच्या लेकीला. एक उरला नव्हता आणि दुसरीचा हात आईनं धरला होता.

त्याच दिवशी माझ्यासमोर उभं राहून सांडूभाऊंनी पुढचा विषय काढला. तो आज ना उद्या काढायचाच होता.

"वैनी, जागा सोडा इथली. सोयगावला चला. घर तुमचंच हाय. मोनिकाची बारावी झाली की तिचं बी बघू कुठं."

"तिला नर्सिंगला जायचंय. त्यांनी कबूल केलंय तिला."

"केलं आसंल. पण आता कुणाच्या जिवावर?"

आशाबाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ह्याच्या," ती म्हणाली. "शिमग्यापर्यंत थांबा, भाऊजी. मी कँटीनला पोळ्या लाटाया जाते तोवर. शिमग्याला सेंटर उघडते. मोनिका अन् मी, दोघी मिळून चालवू. नाय चाललं तर तुम्ही म्हणताल तसं करीन. शब्द हाय माझा."

अशा तऱ्हेनं त्या पोरीचं शिकणं माझ्या डोक्यावर येऊन बसलं, आणि माझ्या डोक्यात तर खारं पाणी भरलेलं. तिनं माझ्यावर पोतं टाकलं नाही. पुंजारामचा एक टॉवेल वाटण्यातून चुकून राहिला होता, तो घडी करून माझ्यावर घातला.

पुंजाराम सोमवार धरायचा. म्हणून आशाबाई दर सोमवारी कँटीनचं काम आटोपून यायची, उदबत्ती लावायची आणि पाइपचं टोक उचलून हलकेच हलवायची. आत पाणी डुबुक करून वाजायचं. ते ऐकलं की तिचा चेहरा जरा निवायचा. "हाय," असं ती म्हणायची. कधी कधी बसून पुंजारामशीच बोलायची. कँटीनचा मुकादम कसा तिरसट आहे ते, मोनिका पहाटे उठून कशी अभ्यासाला बसते ते. "गन मी धरीन म्हणते. तुमच्यावानी मला येईल का धरायला?" असं एकदा विचारलं.

इकडे माझ्या आत काय चाललं होतं, ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. आधी आतले रबराचे वायसर कडक झाले. मग पाणी जसजसं आटू लागलं, तसतशी ती पांढरी खपली माझ्या दांड्यांना बिलगू लागली. आधी पिठासारखी, मग चुन्यासारखी. लोखंडाला गंज चढला. गनचा घोडा जागच्या जागी आवळला गेला. थंडी वाढली, संक्रांत आली, आशाबाई त्या सोमवारी तिळाचा एक लाडू माझ्यापाशी ठेवून गेली. तिनं पाइप हलवला तेव्हा आवाज बारीक आला होता. तिनं कान लावून पुन्हा हलवला. तिला वाटलं, आपल्यालाच थंडीनं नीट ऐकू येत नसेल.

एकदा दुपारी मोनिका एकटीच आली. परीक्षा तोंडावर आली होती. तिनं दप्तरातून पुस्तकांच्या मधला पाना काढला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, अगदी बापासारखी. पाना बोल्टाला लावला. मी म्हटलं, फिरव पोरी. फिरव, अजून वेळ गेलेली नाही, वायसर गेले तर जाऊ देत, दांडे अजून वाचतील. मी जेवढ्या जोरानं आयुष्यभर पाणी फेकलं, तेवढ्या जोरानं मनात ओरडत होतो. तिनं पाना तसाच धरून ठेवला. मग तिचे खांदे हलायला लागले.

"पप्पा, काय करू मी?" ती म्हणाली. "सोमवारी मम्मी आली अन् पाणी वाजलं नाय, तर ती मरंल हो."

तिनं पाना पुन्हा पुस्तकांत ठेवला, टॉवेल नीट केला आणि निघून गेली. तिला दोष देऊ नका. आईचं काळीज आणि माझे दांडे, यात तिनं आईचं काळीज निवडलं. मीही तेच निवडलं असतं. फक्त ते काळीजही त्यानं वाचणार नव्हतं, हे तिला कळायला हवं होतं. पण एवढ्या लहान पोरीला ते कुणी सांगायचं?

शिमगा आला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कुलूप उघडलं. आशाबाईनं जागा झाडली, पाटी पुसली. मोनिकानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. सांडूभाऊ आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. आणि मित्रांनो, गाड्या आल्या. दूधवाला आला, त्याची गाडी जांभळी झाली होती. रुमालवाले काका आले. शेजारचा गॅरेजवाला राजकुमार आपली गाडी घेऊन मुद्दाम रांगेत उभा राहिला, जरी तो ती स्वतःच धुऊ शकला असता. सगळ्यांना ठाऊक होतं की आज काय आहे.

आशाबाईनं टॉवेल काढून खांद्यावर घेतला, मला हळदीकुंकू लावलं आणि बटण दाबलं.

मोटार घुमली. पट्ट्यानं चाक ओढायला घेतलं, पण चाक हललं नाही. मी जीव एकवटला. खरं सांगतो, उभ्या आयुष्यात मी एवढा जोर कधी लावला नव्हता. पट्टा किंचाळला, त्यातून धूर निघाला. माझ्या डोक्यात काहीतरी कडकन तडकलं आणि गनच्या तोंडातून तांबूस पाण्याचा एक थेंब मोनिकाच्या पायावर पडला. मग मोटारीतून जळका वास आला आणि सगळं शांत झालं. राजकुमारनं धावत येऊन मुख्य बटण बंद केलं.

त्यानं मला तिथंच खोललं. उघडलेल्या डोक्यात बोट घालून त्यानं पांढरी खपली खरवडून पाहिली. "पूरा जाम झालंय," तो म्हणाला. "हेड फुटलं, मोटार बी जळाली. ह्याच्यात काय राह्यलं नाय आता. वैनी, पाणी काढलं नव्हतं का?"

मोनिकानं आईकडे बघितलं. सांडूभाऊ खाली बघत होते.

"तिनं काढाया घेतलं होतं," आशाबाई म्हणाली. "मी काढू दिलं नाय."

राजकुमारनं बोल्ट कसाबसा फिरवला. आशाबाईनं ओंजळ पुढे केली. माझ्या पोटातून चमचाभर पाणी आलं, गंजानं तांबडं झालेलं, कुबट वासाचं. तिनं ते ओंजळीत धरून पाहिलं. नाकाशी नेलं. पुंजारामच्या हाताला साबणाचा वास असायचा. त्या पाण्याला त्याचा कसलाच वास नव्हता.

"मम्मी," मोनिका हळूच म्हणाली, "पप्पा असते तर त्यांनी सगळ्यात आधी हेच सांडून दिलं असतं."

आशाबाईनं ओंजळ उघडली. पाणी उतारावरून ओघळलं आणि गटाराकडे गेलं. माणसं आपापल्या रंगलेल्या गाड्या घेऊन निघून गेली. रुमालवाले काका शेवटी गेले. त्यांनी रुमाल काढला आणि त्या दिवशी तो डोळ्यांना लावला.

दिलेला शब्द आशाबाईनं पाळला. मोनिकाचा शेवटचा पेपर झाला आणि दारात सोयगावला जायला टेम्पो उभा राहिला. सांडूभाऊंचं म्हणणं, मला शहागंजातल्या भंगारवाल्याला देऊन टाकावं, उगाच कशाला ओझं न्यायचं. आशाबाईनं नाही म्हणून मान हलवली. मग ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि प्यायच्या पाण्याचा जार घेऊन आली. सांडूभाऊ बघतच राहिले.

"आता काहून, वैनी? मेलेलं मशीन हाय ते."

"तुम्ही जरा थांबा, भाऊजी," ती म्हणाली.

इतकी वर्षं ती चहा घेऊन दारात उभी राहायची, तेव्हा तिनं सगळं बघून ठेवलं होतं. मोटार चालणार नव्हती म्हणून तिनं गोडं पाणी तांब्यानं माझ्या डोक्यात ओतलं आणि बोटांनी ती पांढरी खपली खरवडून काढली. बोल्ट उघडून शेवटचा थेंब गळेपर्यंत ती उकिडवी बसून राहिली. मोनिकानं न सांगता पाइपचं टोक डोक्यावर उंच धरलं. पाइप मोठ्या वेढ्यांनी गुंडाळला गेला. माझ्या तोंडात तेलाची धार पडली. चाक फिरलं नाही, तरी तिनं त्यावर हात ठेवून फिरवल्यासारखं केलं. पट्टा सैल केला. पुंजारामचा तो टॉवेल घेऊन तिनं माझं अंग कोरडं केलं, तो काळा झाला तरी थांबली नाही. मग गन हातात घेतली. घोडा आवळलेला होता. तिनं तेल सोडलं, दोन्ही हातांनी दाबला, पुन्हा दाबला, आणि खट् असा आवाज झाला. मोनिका तोंड फिरवून पाटीकडे बघायला लागली.

मित्रांनो, माझ्या जातीच्या कुणालाही हंगाम संपल्यावर ठेवून देताना त्याच्या पोटातलं पाणी काढा, तेल द्या, कोरडं करा. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं तुमच्यासाठी राबू. आणि तुमचं कुणी माणूस गेलं, तर त्यानं भरलेलं पाणी राखू नका. तो जे जसं करायचा, ते तसं करा. आशाबाईला हे कळलं, पण शिमगा उलटून गेल्यावर कळलं.

आता मी इथं कापसाच्या खोलीत आहे. माझ्या शेजारी एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात मोनिकाची पुस्तकं आहेत आणि त्या पुस्तकांत अजून तो पाना आहे. बारावीत तिला चांगले गुण मिळाले. परवा तिला बघायला पाहुणे येऊन गेले, पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले. पेटी अजून कुणी उघडलेली नाही.

बजाजनगरातून निघताना आशाबाईनंच माझ्यावर पोतं टाकलं होतं. टाकताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी त्याच्याच आवाजाच्या चालीत म्हणाली, "नीज आता, गड्या."

पुढचं वाक्य मी ऐकायला थांबलो होतो. ते तिनं म्हटलं नाही.